मृग आणि मघा एकाच रंगाचे

बाबा झेरॉक्सच्या दुकानातून पावसाच्या आलेखाच्या चौदा प्रती घेऊन आले आणि आल्या आल्या त्यातली एक माझ्या लॅपटॉपवर ठेवली. दहावीच्या उत्तरपत्रिकेत सगळ्या पायऱ्या बरोबर आणि उत्तर चूक आलं की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "यातला मृग कुठला आणि मघा कुठला, तेवढं सांग."

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. स्क्रीनवर मृग निळा होता, मघा तपकिरी. ऑफिसातून रंगीत काढून आणलेल्या प्रिंटवरही तसंच होतं. झेरॉक्सवर मात्र दोघं एकाच राखेत लोळून आल्यासारखे दिसत होते. मधली चार नक्षत्रं थोडी उजळ, थोडी काळी अशी ओळखू तरी येत होती. पण पावसाळा उघडणारा मृग आणि ऑगस्टच्या मध्यावर येणारा मघा यांच्यात काडीचा फरक उरला नव्हता.

"कलर झेरॉक्स का नाही काढली?" हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"चौदा जणांसाठी? कट्ट्यावरच्या?"

विषय संपला.

यामागची गोष्ट अशी. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून आणि शेजारच्या नारळापासून पुरेसा लांब, बाबांचा पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, आत बाटली, सोबत रेघा आखलेलं काचेचं मोजपात्र. जून २००५ पासून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते वर जातात. साडेआठलाच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ मोजला जातो. पाऊस रात्री बारापूर्वी पडला की नंतर, याच्याशी त्या वहीला कर्तव्य नसतं. हवामान खात्याबद्दल बाबांना घरच्यासारखी आपुलकी आहे. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. बाबा तिथून जाताना रिक्षातून वाकून मनोऱ्याकडे बघतात, जसे लोक देवळाकडे बघतात.

वहीत चार रकाने. तारीख, मिलिमीटर, नक्षत्र, शेरा. शेऱ्यात कधी पंचांगातलं नक्षत्राचं वाहन असतं (बेडूक, म्हैस, उंदीर, हे त्यांना पटत नाही, पण लिहितात), कधी नुसतं "सायंकाळी गारा". २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्या पानावर शेऱ्याच्या जागी काहीच नाही. आकडा आहे आणि त्याच्याखाली दोन रेघा.

या वीस वर्षांच्या वह्या मी दिवाळीच्या सुट्टीत टाइप करून काढल्या आणि त्यांचा हिस्टोग्राम काढून द्यायचं कबूल केलं. "आयतालेख म्हण," बाबा म्हणाले. "दहावीच्या पुस्तकात आयतालेख आहे. स्तंभालेख वेगळा. स्तंभालेखात खांबांमध्ये फट असते, आयतालेखात नसते." बालभारतीचा शब्द चांगलाच आहे, पण मला कामावर दिवसभर हिस्टोग्रामच म्हणायची सवय. या लेखात दोन्ही येतील, सांभाळून घ्या.

मी मॅटप्लॉटलिब वापरते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आलेख काढणारी ही फुकट, खुली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. विज्ञानाच्या लेखांमधले कितीतरी आलेख तिच्यातून निघालेले असतात. २००३ मध्ये जॉन हंटर नावाच्या मज्जाशास्त्रज्ञानं ती सुरू केली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत त्याला पडद्यावर नीट बघायचे होते. २०१२ मध्ये तो कर्करोगानं गेला. तेव्हापासून जगभरची माणसं ती लायब्ररी सांभाळतायत, बरीचशी आपापली नोकरी सांभाळून. मी रोज जेवते त्या ताटात कोणी वाढलं हे मला ठाऊक नसावं, तसं माझं या लायब्ररीशी नातं होतं. झेरॉक्स येईपर्यंत.

पहिला आलेख मी असा काढला होता: पावसाचे सगळे दिवस घेतले, आडव्या अक्षावर त्या दिवशीचा पाऊस, उभ्या अक्षावर असे दिवस किती, आणि मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं एकावर एक रचलेली. रंग मी निवडलेच नाहीत. लायब्ररी स्वतःहून देते ते घेतले. निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, तपकिरी, गुलाबी, राखाडी, शेवाळी, आकाशी: असे दहा रंग ठरलेल्या क्रमानं येतात. पहिला मृगाला, सहावा मघाला.

झेरॉक्सची प्रत बघितल्यावर मी बसून गणित केलं. रंगीत चित्राचं राखाडी करताना लाल, हिरव्या आणि निळ्या घटकाला वेगवेगळं वजन देतात: लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७, निळ्याला ०.११४. डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात मंद, म्हणून ही विभागणी. दुकानातलं मशीन नेमकं हेच करतं असं नाही, पण अंदाज बरोबर येतो. मृगाचा निळा म्हणजे लाल ३१, हिरवा ११९, निळा १८०. गुणून बेरीज केली: शंभराला किंचित कमी. मघाचा तपकिरी म्हणजे १४०, ८६, ७५. बेरीज: शंभराला किंचित जास्त. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशा पट्टीवर या दोघांत फक्त एकाचा फरक. दुकानदाराचा काही दोष नव्हता.

मी हे बाबांना कागदावर दाखवलं. त्यांनी गुणाकार तपासला (तपासतातच) आणि म्हणाले, "म्हणजे हे ज्यानं ठरवलं त्यानं झेरॉक्स काढून बघितली नव्हती."

तसंही नाही. जुनी गोष्ट याहून वाईट होती. २०१७ च्या जानेवारीत मॅटप्लॉटलिबची दुसरी मोठी आवृत्ती आली, तोवर रंग एका अक्षराचे असत आणि ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या धर्तीवर आलेले होते. निळा, हिरवा, लाल, मग आकाशी, किरमिजी, पिवळा, काळा. त्यातला हिरवा अर्ध्या जोराचा आणि लाल पूर्ण जोराचा. वरचंच गणित लावा: हिरवा पंचाहत्तर, लाल शहात्तर. दुसरी आणि तिसरी रेघ, जी कुठल्याही आलेखात हमखास एकमेकींच्या शेजारी येणार, ती झेरॉक्सवर जुळी बहीण. ही रंगसंगती चौदा वर्षं चालली. माझ्या पहिल्या नोकरीतले सगळे अहवाल तिच्यातलेच, आणि साहेब ते काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर वाचायचे. काय वाचत असतील देव जाणे.

त्या दुसऱ्या आवृत्तीत बरंच बदललं. उष्णतेच्या नकाशासारख्या चित्रांसाठी "जेट" नावाची इंद्रधनुषी पट्टी जाऊन "विरिडिस" आली. जेटची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग झगझगीत, त्यामुळे राखाडी केल्यावर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दोन्ही काळेच दिसायचे. विरिडिस गडद जांभळ्यापासून सुरू होऊन हिरव्यातून पिवळ्यापर्यंत एकसारखी उजळत जाते, तिची झेरॉक्स काढली तरी चढ चढच राहतो. आणि आणखी एक बदल झाला, जो नकाशावाल्यांना कळलाही नसेल पण हिस्टोग्रामवाल्यांना लगेच खुपला: आयतांच्या काळ्या कडा गेल्या. आधी प्रत्येक खांबाला काळी किनार असायची. नंतर नुसता निळा. दोन शेजारी खांब एकाच उंचीचे असले की ते एकच रुंद खांब वाटतात. कडा परत हवी असेल तर सांगावं लागतं. बाबांच्या वर्गात आलेख कागदावर शिसपेन्सिलीनं आयत आखायचे, मग वाटलं तर रंग. इथे आधी रंग, मग मागितली तर रेघ.

रंगांना नावं मात्र भरपूर. वेबची १४८ नावं चालतात, शिवाय एका वेबकॉमिकनं २०१० मध्ये लोकांना रंग दाखवून "याला काय म्हणाल?" असं विचारलं होतं, त्यातून आलेली सुमारे साडेनऊशे. इतक्या नावांत अबोली नाही, चिंतामणी नाही. लक्ष्मी रोडवरचा साड्यांच्या दुकानातला कुठलाही मुलगा यांना शिकवेल. एकदा मला पेरू नावाचा रंग दिसला आणि मी खूश होऊन पुष्याला दिला. हिरवट, थोडा पिवळसर, छान पावसाळी दिसेल असं डोक्यात. आलेख आला तर पुष्य तपकिरी मातीच्या रंगाचा. तो पेरू देश निघाला.

कट्ट्याबद्दल सांगायला हवं. थोरात उद्यानात सकाळी साडेसहाला हे लोक जमतात. चौदा जण, सगळे निवृत्त. बाबांच्या आलेखाची वाट बघणारे त्यातले तीन-चार असतील, बाकीचे चहाची. पण त्या तिघा-चौघांत एक काका आहेत. तरुणपणी रेल्वेत इंजिन-चालकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास झाले होते आणि वैद्यकीय तपासणीत गेले. रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखायचा असतो ना, त्या इशिहारांच्या तक्त्यांत. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये बनवलेली ती चाचणी अजून चालते. काकांना त्यात नुसते ठिपके दिसले. लाल-हिरव्याचा हा गोंधळ एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारा जणांमागे एक.

झेरॉक्सच्या गोंधळानंतर मी नवा आलेख काढला, आणि या वेळी फार हुशारी केली. हवामान खात्याचे वर्ग घेतले. अडीच मिलिमीटरपासून साडेपंधरापर्यंत हलका पाऊस, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ आणि वर अतिवृष्टीचं टोक. रंग दिले इशाऱ्यांचे, म्हणजे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पुण्यात हल्ली शाळेतल्या पोरांनाही ऑरेंज अलर्ट कळतो, तेव्हा हे सगळ्यांना समजेल असा माझा हिशेब. हिस्टोग्राम काढला की मॅटप्लॉटलिब तीन गोष्टी परत देते: प्रत्येक वर्गातली संख्या, वर्गांच्या सीमा आणि खुद्द ते आयत. मग एकेक आयत उचलायचा आणि त्याला हवा तो रंग लावायचा. चार ओळींचं काम. मला फार आवडलेलं.

काकांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे दोन सारखे आहेत," म्हणाले. हिरवा आणि नारिंगी.

"मग सिग्नलला काय करता काका?" मी विचारलं.

"वरचा दिवा लागला की थांबायचं. रंग कशाला बघायचा? जागा बघायची."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत राहिले. त्यांना जागा कळते, रेघ कळते, आकार कळतो, काळं-पांढरं कळतं. मी मात्र एकाच गोष्टीवर सगळा भार टाकून बसले होते.

बाबांची हरकत अर्थातच दुसरीच होती. रंगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "वर्गांतर सारखं नाही," म्हणाले. "पहिला वर्ग तेराचा, दुसरा एकोणपन्नासचा, चौथा जवळजवळ नव्वदचा. आणि तू उंचीला दिवस घेतलेस? आयतालेखात उंची बोलत नाही. क्षेत्रफळ बोलतं." बरोबर होतं. कार्ल पिअर्सननं १८९५ मध्ये हिस्टोग्राम हा शब्द छापला तेव्हापासून हेच आहे. वर्ग रुंद केला की त्यात दिवस जास्त पडणारच. उंचीला नुसती मोजणी लावली तर रुंद खांब फुकटचा लठ्ठ दिसतो. लायब्ररीत त्यासाठी घनतेचा पर्याय असतो, तो मी लावला नव्हता. शेवटी आम्ही सगळीकडे पाच मिलिमीटरचे सारखे वर्ग घेतले आणि खात्याच्या सीमा उभ्या तुटक रेघांनी दाखवल्या. अडीचच्या खालचे दिवस सोडून दिले. नाहीतर कोरड्या दिवसांचा पहिलाच खांब पाचव्या मजल्यावर जातो आणि बाकीचे सगळे जमिनीला चिकटतात.

मधे एक उद्योग आणखी केला. २००५ ते २०१४ आणि २०१५ ते २०२४ अशी दोन दशकं एकमेकांवर ठेवली, निम्मी पारदर्शक. पहिलं निळं, दुसरं नारिंगी. जिथे दोन्ही एकावर एक आली तिथे मातकट रंग उमटला, आणि आई जाता जाता म्हणाली, "हा तिसरा कुठल्या वर्षांचा?" मी समजावायला लागले तर ती आत गेली आणि कपाटातून तिची धूपछाव साडी घेऊन आली. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. घडी मोडली की जांभळी दिसते, ताणली की हिरवी. "हिचा रंग कोणता ते सांग," म्हणाली. "तुझ्या बाबांनी घेतली तेव्हा दुकानात हिरवी होती."

मी गंमत म्हणून क्रम उलटा करून बघितला. आधी नारिंगी, वरून निळं. तोच आलेख, तीच माहिती, तेवढीच पारदर्शकता. पण मधला भाग आता मातकट राहिला नाही, राखाडी झाला. वरून पडणारा रंग निम्मा उरतो आणि खालच्याचा त्याच्या निम्माच दिसतो, त्यामुळे कोण आधी बसलं यावर तिसऱ्याचा रंग ठरतो. इतकी वर्षं मी अशी चित्रं अहवालांत टाकली आहेत आणि त्या मधल्या रंगाकडे एकदाही बघितलं नव्हतं. आईनं चालता चालता बघितलं.

(आलेखाचा निष्कर्ष विचाराल तर बाबांनी तो काढू दिला नाही. एका गच्चीवरचा एक पर्जन्यमापक आणि दहा-दहा वर्षं. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षं धरतात. "अजून दहा वर्षं वही लिहू दे, मग बोल," म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत.)

आता मूळ दुखणं. नऊ नक्षत्रं एकावर एक रचायची हीच चूक होती. रचलेल्या आलेखात तळाला असलेला मृगच काय तो जमिनीवर उभा असतो. बाकीचे आठ जण दुसऱ्याच्या खांद्यावर. त्यांची उंची एकमेकांशी ताडून बघताच येत नाही, मग रंग कितीही नामी द्या. बाबांना विचारलं, "तुम्हाला नऊ कशाला हवीत?" तेव्हा कुठे ते म्हणाले, "नऊ तू काढलीस. मला पेरणीचा पाऊस, वाढीचा पाऊस आणि शेवटचा पाऊस हवा होता." मृग, आर्द्रा, पुनर्वसू एकीकडे. पुष्य, आश्लेषा, मघा दुसरीकडे. पूर्वा, उत्तरा, हस्त तिसरीकडे. दोन महिने मी रंग शोधत होते आणि हे मी विचारलंच नव्हतं.

तीन संच म्हणजे रंगाशिवाय भागतं. एकाला आतून तिरप्या रेघा, दुसऱ्याला ठिपके, तिसरा कोरा. कडा तिघांच्याही काळ्या: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. आतल्या रेघांना तिथे हॅच म्हणतात. एक तिरकी खूण लिहिली की विरळ रेघा, तीच खूण दोनदा लिहिली की दाट. आजीच्या गोधडीचे टाके असेच असायचे, मधे लांब, काठाला जवळ जवळ.

माझ्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती. तिच्यात हिस्टोग्रामला तीन संच एकदम दिले तर रंगांची यादी देता यायची, पण हॅचची किंवा कडांची यादी देता यायची नाही. आधी आलेख काढायचा, मग परत आलेल्या आयतांवर संचवार फिरून एकेकाला हॅच लावायचं. जमतं, पण दर वेळी तेच. मला वाटलं, रंगाची यादी चालते तर रेघेची का नको? लायब्ररी खुली आहे, आतला कोड कुणीही उघडून बघू शकतं, सुधारूही शकतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तो उघडला.

हिस्टोग्राम काढणारं ते एक फंक्शन चांगलंच लांब आहे. खांब, रचलेले खांब, नुसती बाह्यरेषा, भरलेली बाह्यरेषा असे प्रकार आणि प्रत्येकाची वेगळी वाट. मी शनिवार-रविवार त्यात घातला. कागदावर प्रश्न लिहीत गेले. यादीत दोनच हॅच आणि संच तीन असतील तर तिसऱ्यानं काय घालायचं? कुणी यादी न देता एकच कडा दिली तर ती सगळ्यांची धरायची ना, नाहीतर जगभरचे जुने कोड मोडतील. रंग आणि भरणीचा रंग दोन्ही दिले तर कोणाचं ऐकायचं? मजा अशी, की मॅटप्लॉटलिबच्या भाषेत आयताला "पॅच" म्हणतात आणि कोडमध्ये केलेल्या दुरुस्तीलाही आम्ही लोक पॅचच म्हणतो. ठिगळाला ठिगळ लावत होते.

रविवारी संध्याकाळी माझं ठिगळ चालायला लागलं. आता हे पाठवायचं कसं ते बघावं म्हणून मी ताजी आवृत्ती उतरवून घेतली. त्यात ते आधीच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीत हॅच, कडांचा रंग, भरणीचा रंग, रेघेची जाडी, रेघेचा प्रकार, या सगळ्यांची प्रत्येक संचाला वेगळी यादी देता येते. मी दोन दिवस जे शिवत बसले होते ते कुणीतरी कधीच शिवून, घडी घालून कपाटात ठेवलं होतं.

वाईट वाटलं. थोडा वेळ. मग मी त्यांचं आणि माझं शेजारी ठेवून वाचलं, आणि बरं झालं पाठवलं नाही असं वाटलं. माझ्यात ताळा नव्हता. त्यांच्याकडे प्रत्येक बदलासोबत चाचण्या असतात. त्यातली एक पद्धत मला फार आवडली: एकच आलेख दोन वाटांनी काढायचा, एकदा नव्या सोयीनं आणि एकदा जुन्या लांबच्या रस्त्यानं हातानं, आणि दोन चित्रं अगदी तंतोतंत जुळली पाहिजेत. नाही जुळली तर बदल आत जात नाही. बाबांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग? भागाकार केल्यावर गुणाकार करून बघायचा नाही?"

नवी आवृत्ती घातली. तीन संच, तीन हॅच, तीन कडा, एका ओळीत. रंग एकच, काळा. शाई सगळीकडे सारखी उमटावी म्हणून हॅच एकदा दाट करून बघितलं, मग पुन्हा विरळ केलं. दाट रेघांचा झेरॉक्सवर नुसता काळा ठोकळा होतो. त्यासाठी मी तीनदा दुकानात जाऊन एक-एक प्रत काढून आणली. दुकानातल्या मुलानं तिसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, कलरमध्ये काढू का? छान येईल." मी नको म्हटलं. त्यानं मशीनचं झाकण लावलं, प्रत बाहेर आली तशी त्यानं स्वतःच उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "हे स्वेटरचं डिझाइन आहे का?"

बाबांना प्रत दिली. ते टेबलाशी बसले, दिवा ओढून घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. एका बोटानं पेरणीच्या तिरप्या रेघांवरून पुढे गेले, मग शेवटच्या पावसाच्या कोऱ्या खांबांवरून उजवीकडे, अगदी टोकापर्यंत, जिथे एकच बुटका आयत सगळ्यांपासून लांब उभा आहे. तिथे बोट थांबलं. कुठल्या रात्रीचा आहे ते दोघांनाही माहीत होतं.

मग त्यांनी वरचा उजवा कोपरा बघितला.

"प्रमाण कुठाय?"

"बाबा, अक्षांवर आकडे छापलेत ना. एकक पण लिहिलंय."

"उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं. X-अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर किती, Y-अक्षावर किती. अर्धा मार्क गेला."

मी म्हटलं, कागद छापताना लहान-मोठा होतो, सेंटिमीटरला काही अर्थ नसतो. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

चौदा प्रती काढून झाल्या होत्या. पट्टीनं अक्ष मोजले, भागाकार केला, आणि रात्री साडेदहाला मी बॉलपेननं चौदा कागदांच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला बसले. निळ्या बॉलपेननं. आईनं मागून बघितलं आणि म्हणाली, "काळं घे गं. तेवढ्यापुरता कशाला रंग?"